अडीच मिनिटांचा देश

टीव्हीवरच्या डान्स शोमध्ये 'वर्ल्ड टूर' टाईप राऊंड जाहीर झाला की आमच्या घरी पैज लागते. अँकरने देशाचं नाव घ्यायच्या आधी, नुसतं स्टेजवर काय मांडून ठेवलंय ते बघून देश ओळखायचा. आई यात कोणाला हार जात नाही. लाल फ्रिलचा झगा आणि हातात पंखा, स्पेन. कागदी कंदील, चीन. कंदिलांच्या जोडीला छत्री असेल तर जपान. मागे पिरॅमिडचा कटआऊट आणि कमरेला नाण्यांचा पट्टा, इजिप्त. गवताचे घागरे आणि गालावर पांढरे ठिपके आले की आई म्हणते आफ्रिका, आणि अँकर पण आफ्रिकाच म्हणतो, त्या खंडात पन्नासच्या वर देश आहेत हे तिथे कोणाच्या गावीही नसतं.

आता यावर 'काय हा अडाणीपणा' म्हणून मोकळं होता येतं, लोक होतातही. पण मला हा प्रकार अडाणीपणापेक्षा फॉरमॅटचा जास्त वाटतो. गाणं दोन-अडीच मिनिटांचं, त्यात डान्सरची स्किल दाखवायची, लिफ्ट दाखवायची, शेवटी जजने उभं राहून टाळ्या वाजवायच्या, मग देश सांगायला उरतात किती सेकंद? पहिले पाच. त्या पाच सेकंदांत सोफ्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या माणसाला देश कळला पाहिजे, नाहीतर थीम फसली. समजा एखादा हौशी कोरिओग्राफर खरंच अभ्यास करून आला आणि त्याने स्पेनच्या उत्तरेचा, आस्तुरियास नाहीतर गालिसियाचा नाच बसवला, तिथे बॅगपाईप वाजतात, अगदी खरेखुरे, शेकडो वर्षांपासूनचे, तर आमची आई छातीठोकपणे सांगणार की हे स्कॉटलंड. म्हणजे खरं दाखवलं की चुकलं आणि ठराविक दाखवलं की बरोबर, असा हा खेळ आहे, आणि त्याची सगळी मेख त्या पाच सेकंदांत आहे.

बरं, स्पेनचं हे जे टीव्ही-स्पेन आहे ते तरी स्पेनमध्ये तयार झालंय का? आपल्याकडे २००६ मध्ये 'झलक दिखला जा' आलं, ते बीबीसीच्या 'स्ट्रिक्टली कम डान्सिंग'चं भारतीय रूप, आणि त्याबरोबर आपल्या ड्रॉइंगरूममध्ये चा-चा, रुंबा, सांबा, पासो डोबले ही सगळी मंडळी आली. पासो डोबलेमध्ये पुरुष म्हणजे बैलाशी झुंजणारा मॅटाडोर आणि बाई म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या हातातलं लाल कापड (बाईला कापड केलंय यावर कोणी काही बोलत नाही, असो). पण या नाचाच्या कितीतरी स्टेप्सची नावं आजही फ्रेंच आहेत, कारण त्याला स्पर्धेचं रूप मिळालं ते फ्रेंच लोकांच्या हातून. बॉलरूमचा सांबा आणि रिओच्या रस्त्यावरचा सांबा शेजारी शेजारी ठेवले तर ते सख्खे सोडा, चुलत भाऊही वाटणार नाहीत. रुंबाची तर गंमतच आहे, लंडनमध्ये नाच शिकवणारा एक फ्रेंच मास्तर, मस्यू पिएर नावाचा, १९४७ मध्ये क्युबाला जाऊन बघून आला की तिथे लोक नेमकं कसं नाचतात, आणि परत येऊन त्याने जे शिकवलं त्यावरून इंग्लंडच्या डान्स मास्तरांमध्ये चांगलीच भांडणं झाली. तर टीव्हीवर जे 'लॅटिन' म्हणून येतं त्यावर लंडनच्या क्लासरूमचा शिक्का आधीच बसलेला असतो.

पण मला खरं बोलायचंय ते बर्फावरच्या एका सीझनबद्दल, कारण तिथे कोणा प्रोड्यूसरच्या डोक्यातून निघालेली थीम नव्हती, तिथे रूलबुकच सांगत होतं की बाबांनो, कुठल्यातरी देशाचे व्हा.

आईस डान्स म्हणजे फिगर स्केटिंगमधलाच एक प्रकार, जोडीने करायचा, पण त्यात पेअर स्केटिंगसारखं बाईला हवेत भिरकावणं नाही, मोठ्या उड्या नाहीत, सगळा भर पायांच्या कामावर आणि नाचण्यावर. २०१० पर्यंत याची स्पर्धा तीन भागांत व्हायची. पहिल्या भागात सगळ्या जोड्यांनी ठरवून दिलेला एकच नाच करायचा. तिसऱ्यात काय वाटेल ते. आणि मधला जो भाग होता, ओरिजिनल डान्स, त्याच्यासाठी इंटरनॅशनल स्केटिंग युनियन दरवर्षी एक थीम द्यायची, लांबी साधारण अडीच मिनिटं. २००९-१० च्या सीझनची थीम होती फोक किंवा कंट्री डान्स. कोणत्याही देशाचा चालेल. आणि हा सीझन नेमका ऑलिंपिकचा, फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या टीव्ही प्रेक्षकांसमोर एका रात्रीत वीस-पंचवीस जोड्यांचे लोकनाच, ते पण बर्फावर, पायात पोलादी पात्या घालून.

फ्रान्सच्या एका जोडीने कॅनकॅन केला, ते एक घरचंच. काऊबॉय झालेले युरोपियन होते. अमेरिकेचे टॅनिथ बेल्बिन आणि बेन अगोस्टो मोल्दोव्हाचे झाले होते. आणि ज्यांना शेवटी मेडलं मिळाली त्या तिघांची यादी बघा म्हणजे मजा कळेल. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर, गोल्ड, नाच स्पेनचा फ्लमेंको. अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाईट, सिल्व्हर, नाच भारतीय. रशियाचे ओक्साना डोम्निना आणि मॅक्सिम शाबालिन, ब्रॉन्झ, नाच ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा. तिघांपैकी एकानेही स्वतःच्या देशाचा नाच केला नव्हता. रशियासारखा देश, ज्याच्याकडे लोकनाचांची सरकारी पथकंच्या पथकं पडलेली, तो पण ऑस्ट्रेलियाला गेला. का गेला तर घरचं सगळ्यांनी बघितलेलं असतं, जजला काहीतरी वेगळं दाखवायचं असतं, आणि 'वेगळं' म्हटलं की माणूस नकाशावर जितकं लांब बोट पोचेल तितकं पोचवतो.

डेव्हिस-व्हाईटचं रूटीन तुमच्यापैकी पुष्कळांनी यूट्यूबवर बघितलं असेल, त्या काळी ते आपल्याकडे फिरत होतं आणि बातम्यांमध्येही आलं होतं. 'कजरा रे', मग 'सिलसिला ये चाहत का', मग 'डोला रे'. माझी मावसबहीण तेव्हा डेट्रॉईटच्या जवळ राहायची, आणि ही जोडी पण त्याच भागातली, कँटन नावाच्या उपनगरातल्या रिंकवर प्रॅक्टिस करायची (गंमत म्हणजे व्हर्च्यू-मॉयर पण तिथेच, त्याच कोचेसकडे, म्हणजे फ्लमेंको आणि कजरा रे एकाच रिंकवर शेजारी शेजारी शिजत होते). ताई म्हणाली, अगं आमच्या मंडळाच्या गणपतीत पोरांनी जी गाणी घेतली होती तीच यांनी घेतलीयेत, फक्त आमची पोरं स्टेजवर धडपडतात आणि हे बर्फावर धडपडत नाहीत. त्या दोघांनी ॲन आर्बरमधल्या अनुजा राजेंद्र नावाच्या नृत्यशिक्षिकेकडे जाऊन शिकून घेतलं होतं. हे दिसतं. मानेची हालचाल, मनगट वळवून बोटं उघडणं, नजर आधी आणि हात मागून नाही तर हात आधी आणि नजर त्याच्या मागे, हे नुसते व्हिडिओ बघून येत नाही, कोणीतरी समोर उभं राहून "परत कर" असं म्हणावं लागतं.

पण मी ते जितक्या वेळा बघते तितक्या वेळा माझं लक्ष पायांकडे जातं. आपल्याकडचे बहुतेक नाच जमिनीला मारून होतात. कथकचा ततकार घ्या, भरतनाट्यम घ्या, लावणी घ्या, पाय आपटला की घुंगरू बोलणार आणि ढोलकीवाला त्याला उत्तर देणार. बर्फावर पाय आपटता येत नाही. आपटला तर पातं रुततं आणि माणूस तोंडावर पडतो. तिथे सगळं काम घसरण्याचं. म्हणजे आपल्या नाचाचा जो पाया, अगदी शब्दशः पाया, तोच काढून घेतला आणि मग उरलं काय तर कमरेच्या वरचं: मान, डोळे, हात, दागिने, कपडे. फ्लमेंकोचं पण हेच. त्याचा जीव टाचांच्या ठोक्यांत, आणि बर्फावर तो ठोका नाही, मग व्हर्च्यू-मॉयरकडेही हात, पाठीची कमान, रागीट नजर एवढंच राहिलं (त्यांनी त्यातून जे काढलं ते अफाट होतं, त्याबद्दल वाद नाही). त्यामुळे ठराविक प्रतिमा कशी तयार होते याचं मला तरी हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण वाटतं. कोणी मुद्दाम सोपं केलेलं नसतं. माध्यमाला जे झेपत नाही ते गळून पडतं आणि जे उरतं त्यालाच आपण तो देश म्हणायला लागतो.

आता थीम होती लोकनृत्याची, आणि हे तर फिल्मी. 'कजरा रे' २००५ च्या 'बंटी और बबली'तलं, कोरिओग्राफी वैभवी मर्चंटची. 'डोला रे' २००२ च्या 'देवदास'मधलं, सरोज खान यांना त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. मूळ कादंबरी बंगाली, सेट गोरेगावच्या फिल्मसिटीत, आणि नाच दोन बायकांचा, पारो आणि चंद्रमुखीचा, ज्यात देवदास स्वतः नाचतच नाही. बर्फावर ते एका पुरुषाचं आणि बाईचं प्रेमगीत झालं. हे कुठल्या गावचं फोक? असं नाक मुरडणारे लोक तेव्हा पण होते, आणि त्यात आपले क्लासिकलवाले पुढे होते.

मला ते नाक मुरडणं पटत नाही. लोकनृत्य म्हणजे लोक नाचतात ते, असा साधा अर्थ घ्या आणि ठाण्यातल्या कुठल्याही हळदीला जा. तिथे काय चालू असतं? नाशिकपासून नांदेडपर्यंत वरातीत, संगीतला, गणपतीत, सोसायटीच्या थर्टीफर्स्टला पोरंपोरी जे नाचतात ते फिल्मीच असतं, त्याच्या हुक स्टेप्स आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ असतात, कोणीही क्लास न लावता. फुगडी किती जणींना येते आणि 'डोला रे'चा हात किती जणींना येतो, मोजून बघा. त्या अर्थाने डेव्हिस-व्हाईटने भारताचा लोकनाच केला होता, अगदी नियमात बसणारा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट आपणच बाजारात ठेवलेली आहे. हिंदी सिनेमाचा नाच हा नक्कल व्हावी म्हणूनच बनवलेला असतो. स्टेप जितकी जास्त कॉपी होईल तितकं गाणं हिट. त्यामुळे मिशिगनच्या दोन गोऱ्या पोरांनी ती कॉपी केली तर आपलं काही चोरलं असं आपल्याला वाटलं नाही, उलट आपण छाती फुगवून घेतली. मी पण फुगवली, का नाही फुगवणार.

डोम्निना-शाबालिनचं मात्र हे असं नव्हतं.

ही जोडी २००९ ची वर्ल्ड चॅम्पियन, म्हणजे कोणी लिंबूटिंबू नव्हेत. जानेवारी २०१० मध्ये एस्टोनियातल्या टॅलिनला युरोपियन चॅम्पियनशिप झाली, ती पण त्यांनीच जिंकली. तिथे ते अंगाला चिकटणारे गडद तपकिरी कपडे घालून आले, म्हणजे लांबून बघणाऱ्याला उघडी काळी कातडीच वाटावी, त्यावर पांढऱ्या रेघा, चेहऱ्यावर पांढरे पट्टे, कमरेला लाल कापड आणि पानं. पार्श्वभूमीला डिजेरिडू, म्हणजे तिथलं लांब लाकडी फुंकवाद्य, आणि आरोळ्या. आणि नाच म्हणजे काय, तर उकिडवं बसणं, डोळे वटारणं, जोडीदाराला केसाला धरून ओढल्यासारखं करणं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी लगेच निषेध केला. न्यू साउथ वेल्सच्या आदिवासी भूमी परिषदेच्या तेव्हाच्या अध्यक्ष बेव्ह मँटन यांनी तर याबद्दल लेखच लिहिला. स्केटर्सचं म्हणणं असं की आम्ही इंटरनेटवरून माहिती काढली, कोणाला दुखवायचा हेतू नव्हता.

हेतू नव्हता हे मला मान्य आहे. पण जरा बघा की ते काय उचलत होते. इंग्रज आले तेव्हा ऑस्ट्रेलियात अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात होत्या. त्यातला कोणता समाज? डिजेरिडू तर मुळात खंडाच्या उत्तर टोकाचं वाद्य, दक्षिणेकडच्या लोकांकडे ते नव्हतंच. अंगावर जे रंग काढतात ती नक्षी अमुक कुळाची, अमुक जमिनीची, अमुक विधीची, ती कोणी काढायची आणि कोणासमोर याचे कायदे त्यांच्यात आहेत, आणि काही नाच तर त्याच समाजातल्या सगळ्यांनी बघायचे पण नसतात. म्हणजे 'कजरा रे'च्या बरोबर उलटी गोष्ट. एक नाच सगळ्यांनी करावा म्हणून बनवलेला, दुसरा सगळ्यांनी करू नये म्हणून जपलेला. आणि जपलेला तरी कशातून? ख्रिस्ती मिशनच्या वसाहतींमध्ये त्यांच्या भाषा आणि विधी बंद पाडले गेले, मुलं आईबापांपासून तोडली गेली, जनगणनेत त्यांना पूर्ण मोजायला १९६७ चं सार्वमत लागलं, आणि पंतप्रधान केव्हिन रड यांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून माफी मागितली ती फेब्रुवारी २००८ मध्ये. म्हणजे टॅलिनच्या जेमतेम दोन वर्षं आधी. त्या लोकांनी टीव्ही लावावा आणि स्वतःला असं बघावं, पानं नेसलेलं, उकिडवं, आरोळ्या मारणारं.

त्यात व्हँकुव्हरचं ऑलिंपिक असं पहिलंच, जिथे मूळ रहिवासी समाज अधिकृत यजमान होते, स्क्वामिश, मस्क्वीम, लिलवाट आणि त्स्लेल-वाउटुथ या चौघांचा उद्घाटन सोहळ्यात मान होता. त्यांच्या अंगणात हा नाच होणार म्हणून सगळ्यांचे श्वास अडकलेले. शेवटी जोडीने कपड्यांचा रंग उजळ केला, चेहऱ्यावरचे पट्टे काढले, पानं थोडी कमी केली, आणि नाच तोच ठेवला. सीझनच्या मध्यात नवीन बसवणं शक्य नव्हतं म्हणे. ब्रॉन्झ मिळालं.

कॉस्च्युमची शेड हलकी केली की प्रश्न हलका होतो, हे लॉजिक नंतर मी पुष्कळ ठिकाणी बघितलं. बॅलेमध्ये तर ते फार जुनं आहे. चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर'च्या दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यात स्पेनचं चॉकलेट, अरबस्तानची कॉफी आणि चीनचा चहा नाचून जातात, हे १८९२ पासून चालू आहे, टीव्हीच्या वर्ल्ड टूर राऊंडचे आजोबाच म्हणा ना. चीनच्या नाचात वर्षानुवर्षं तर्जन्या वर करून, डोकं हलवत टुणटुण उड्या असायच्या, तिरपे डोळे रंगवून. अमेरिकेत आशियाई वंशाच्या कलाकारांनी त्यावर बोट ठेवल्यावर २०१७ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेने मेकअप आणि त्या हालचाली बदलल्या. चहा नाचतोच आहे अजून.

इतकं सगळं लिहिल्यावर आपल्या शोजकडे वळणं भाग आहे, कारण आपल्याकडे याचा वेगळा देशी अवतार आहे, 'राज्यांचा राऊंड'. पंजाब म्हणजे भांगडा, गुजरात म्हणजे गरबा, बंगाल म्हणजे लाल काठाची साडी आणि हातात धुनुची, म्हणजे धुपाचं भांडं, आणि खालचं सगळं मिळून एक 'साऊथ' ज्यात लुंगी. ईशान्येकडचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये 'डान्स दीवाने'च्या तिसऱ्या सीझनमध्ये गुवाहाटीच्या एका लहान मुलीला स्टेजवर बोलावताना अँकरने मोमो आणि चायनीज असं काय काय जोडून चिनी वाटेल अशी बडबड केली. आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर निषेध केला, अँकरने खुलासा केला की त्या मुलीनेच आधी गमतीत तशी भाषा बोलून दाखवली होती आणि क्लिप तुटक फिरतेय, माफीही मागितली. असेल तसं. पण ते स्क्रिप्ट, ते शूटिंग, ते एडिट, ते चॅनलचं ओके, इतक्या हातांतून गेलं आणि एकालाही खटकलं नाही. गुवाहाटी म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या डोक्यात ते पाच सेकंद तसेच वाजले.

आणि महाराष्ट्र म्हणजे काय, तर नऊवारी, नथ आणि एकतर लावणी नाहीतर कोळीगीत. मी वैतागते आणि बघतेही. लावणीचं दुःख मला जास्त वाटतं कारण तिच्यावर टीव्हीने सगळ्यात मोठी कात्री चालवलीय. बैठकीची लावणी नावाचा एक प्रकार आहे, ज्यात बाई बसून गाते आणि एकच ओळ पुन्हापुन्हा घेत दर वेळी चेहऱ्याने, बोटांनी, पदराच्या टोकाने तिचा वेगळा अर्थ काढून दाखवते. यमुनाबाई वाईकर यात थोर, त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्या गेल्या. एका ओळीवर पाच-दहा मिनिटं सहज. हे शोमध्ये कसं बसवणार? अडीच मिनिटांत त्या बाईचा एक पदर सावरून होत नाही. मग येते ती फास्ट ढोलकी, कंबर, शिट्ट्या, आणि जज म्हणतात "क्या मराठी तडका है". मराठी चॅनलवर काही वेगळं असेल म्हणावं तर तिथेही नऊवारीचा नुसता जास्त महागडा स्टॉक असतो. हे दुसऱ्या कोणी आपल्यावर लादलेलं नाही, आपणच आपल्याला असं पॅक केलंय, आणि आमच्या आईला त्यावरची प्रत्येक बीट पाठ आहे.

कोळणीचं पण तेच. माझ्या ऑफिसात वेसाव्याची एक मैत्रीण आहे, तिची आई पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन लिलावात बोली लावून मावरा उचलते. ती म्हणते, टीव्हीवरच्या कोळणीच्या टोपलीत कधी मासळी नसते हे बघितलंस का, आणि ती सारखी हसत का असते, माझी आई धंद्याच्या टायमाला हसली तर गिऱ्हाईक भाव पाडतं. पण याच मैत्रिणीने स्वतःच्या भावाच्या हळदीत तीच टीव्हीवाली स्टेप केली, सगळ्या वेसाव्याने केली. मी विचारलं तर म्हणाली, आमचीच आहे, आम्ही कशीपण करू.

हे "आमचीच आहे" फार वेगवेगळ्या तऱ्हांनी चालतं. २०१९ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या पोरांचा ग्रुप, द किंग्ज, अमेरिकेच्या 'वर्ल्ड ऑफ डान्स'मध्ये जिंकला, दहा लाख डॉलर, समोर जेनिफर लोपेझ जज. त्याच वर्षी मुंबईचाच 'व्ही अनबीटेबल' ग्रुप 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'च्या फायनलला गेला आणि २०२० च्या सुरुवातीला त्याच शोच्या चॅम्पियन्स आवृत्तीत जिंकला. पोरं हवेत फेकली जातायत, एकमेकांच्या खांद्यांवरून उड्या, बघताना पोटात गोळा येतो. आणि त्या आधी काय, तर व्हिडिओ: झोपडपट्टी, अरुंद गल्ल्या, एका खोलीत इतकी माणसं. खोटं काहीच नाही त्यात, पोरं तिथूनच आलीयेत आणि स्वतःच सांगतायत. पण अमेरिकन टीव्हीला मुंबईची जी पाच सेकंदं हवी असतात ती नेमकी हीच, आणि पोरांना हे पक्कं माहीत आहे. विरार लोकलला लोंबकळत प्रॅक्टिसला जाणं, हॉल मिळाला नाही म्हणून मैदानात पडणं, आईबापांचं "हे नाचून काय होणार", यातलं एडिटमध्ये काय राहणार आणि काय जाणार ते ठरवणारे दुसरेच, पण कोणती गोष्ट सांगायची ते या पोरांनी बरोबर ओळखलं आणि बक्षीस घरी आणलं. मला यात कोणाला दोष द्यावासा वाटत नाही. जरा कडू लागतं एवढंच.

इकडे बर्फावर, त्या सीझननंतर ओरिजिनल डान्स हा भागच गेला. या वादामुळे नाही, पहिले दोन भाग एकत्र करून शॉर्ट डान्स केला, स्पर्धा आटोपशीर व्हावी म्हणून. डेव्हिस-व्हाईट २०१४ मध्ये सोचीच्या ऑलिंपिकला गोल्ड जिंकले, आणि ते कशावर, तर रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'शेहेराझाद'वर, रशियन संगीतकाराने कल्पनेतून रचलेली अरबी रात्र, अमेरिकन जोडी, रशियात. तेव्हा कोणी काही बोललं नाही, सव्वाशे वर्षं मुरलेली प्रतिमा क्लासिक होते आणि क्लासिकला कोणी पत्ता विचारत नाही. पुढे लॅटिन थीम २०१७-१८ ला आणि परत २०२२-२३ ला आली, म्हणजे तोच लंडनच्या क्लासरूममधून निघालेला सांबा. मध्येच दशकं पण सुरू झाली, २०२३-२४ मध्ये ऐंशीचं दशक, मग पोरंपोरी लेगवॉर्मर, फुगवलेले केस आणि चमचमीत जॅकेट घालून आली. युनियनवाले हुशार आहेत. ऐंशीच्या दशकाचा कोणी नेता नसतो, तो लेख लिहीत नाही. आमची आई मात्र ते बघून म्हणाली, आम्ही काय असले कपडे घालायचो का, आणि अर्धा तास स्वतःचे त्या वेळचे फोटो काढून बसली.

कधीतरी फोक परत येईलच, थीम फिरून फिरून त्याच असतात. आणि तेव्हा एखादी जोडी भारताकडे वळली आणि 'डोला रे'ऐवजी कोणी त्यांना लावणी सुचवली तर मी काही बोंब मारणार नाही, उलट अलार्म लावून उठेन. फक्त आधी त्यांनी एखाद्या बैठकीच्या लावणीवालीसमोर चार दिवस बसावं, आणि मग मला दाखवावं की घुंगराचं काय केलं, कारण बर्फावर तो बांधायचा कुठे आणि वाजवायचा कसा हे मला खरंच सुचत नाहीये.